शेवटचं टक्

"या वर्षी एकही बरणी फसणार नाही, आणि त्यासाठी मला कुणाच्या ताईची गरज नाही!"

शिट्टीबाईंनी टोमॅटोचा क्रेट स्वयंपाकघरातल्या टेबलावर आदळला आणि कमरेवर हात ठेवून घोषणा केली. या घराला माहीत असलेली ताई एकच, शिट्टीबाईंची सख्खी, दोन वर्षांनी मोठी. त्यामुळे टोला कुणाला होता हे नवऱ्याला, मुलीला आणि सासूबाईंना एकदमच कळलं. तिघांनी मान खाली घातली.

शिट्टीबाई शाळेत कवायत शिकवायच्या. त्यांचं खरं नाव मुलंच काय, मुख्याध्यापकही विसरले होते. गळ्यातली शिट्टी रविवारीसुद्धा उतरत नसे. त्यांनी मैदानाच्या एका टोकाला 'सावधान' म्हटलं, की कुंपणापलीकडच्या रस्त्यावरून चाललेला परका माणूसही ताठ उभा राहायचा. राग तर काय, नाकाच्या शेंड्यावर! आणि गेलं वर्षभर तो तिथून खाली उतरलेलाच नव्हता.

कारण साधं होतं. दरवर्षी दोघी बहिणी मिळून ताईच्या घरी टोमॅटोचा साल्सा, म्हणजे परदेशी पद्धतीची तिखट चटणी, करायच्या. टोमॅटो उकळत्या पाण्यातून काढून सोलायचे, कांदा-मिरची-लसूण बारीक चिरून घालायचा, व्हिनेगर, मीठ, आणि सगळं रटरट शिजवायचं. मग गरम बरण्यांत भरून, काठ पुसून, पत्र्याचं झाकण लावून त्या बरण्या पुन्हा पाण्यात बुडवून उकळायच्या. बाहेर काढून टॉवेलवर ठेवल्या की त्या निवता निवता झाकण आत ओढलं जातं आणि 'टक्' असा आवाज येतो. टक् वाजलं म्हणजे बरणी बसली, वर्षभर चिंता नाही. टक् वाजलं नाही म्हणजे ती बरणी फसली. तिला कपाटात ठेवायचं नाही, लगेच खाऊन टाकायची. जितक्या बरण्या तितकी टक्, हिशोब इतका सोपा!

गेल्या वर्षी मात्र ऐन टक्-टक् चालू असताना शिट्टीबाई मुख्याध्यापकांना आपण कसं झापलं ते सांगत होत्या, हातवारे करून, दोघांच्याही आवाजात. त्या गोंधळात एक टक् वाजलंच नाही, आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. ती बरणी ताईच्या कपाटात गेली. महिन्याभरात आतल्या आत फसफसली आणि एका सकाळी फुटली. ताई दवाखान्यात मोठी नर्स. वरच्या फळीवर बरणी आणि खालच्या फळीवर तिचे पांढरेशुभ्र, कडक इस्त्रीचे पाच गणवेश! आता कल्पना करा.

"बडबड तुझी आणि कपडे माझे!" ताई फोनवर कडाडली.

"कान तुझे फुटके आणि खापर माझ्यावर?" शिट्टीबाईंनी दिलं ठेवून.

"माफी मागायला ये, मग बोलेन!"

"मी येऊ? मी? आधी तू यायचंस! तू आलीस तरच!"

झालं! तेव्हापासून ही म्हणे तू ये, ती म्हणे तू ये. वर्ष गेलं. दोन्ही घरं एकाच गावात, मध्ये फक्त तीन रस्ते. पण ताईच्या गल्लीत वळायला नको म्हणून शिट्टीबाई शाळेत लांबच्या रस्त्याने जायला लागल्या आणि रोज ताईला शिव्या घालत चालायला लागल्या.

"या वर्षी बारा बरण्या," त्यांनी नवऱ्याला बजावलं. "बाराच्या बारा वाजणार. आणि त्यातली पहिली ताईच्या दारात ठेवायची. चिठ्ठी नाही, निरोप नाही, काही नाही! बघू दे तिला, माझ्या हातची बरणी फुटते की नाही ते!"

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं, शेजारीपाजारी त्यांना चष्मेवालेच म्हणत. माणसाला जवळचं दिसत नाही की लांबचं, हे त्यांना चेहऱ्यावरून कळायचं. ते हळूच म्हणाले, "म्हणजे तुला तिच्याशी बोलायचंय."

"बोलायचंय? त्या बाईशी? अहो, तुम्ही आधी मिरच्या चिरा!"

त्यांनी मिरच्या चिरायला घेतल्या. मुलीने कांदे घेतले, सासूबाईंनी लसूण. शिट्टीबाई शिट्टी फुंकून कामाची लय सांभाळत होत्या. "एक-दोन, एक-दोन! बारीक! आणखी बारीक! हा काय कांदा आहे की कौलं?" तासाभरात तिघांचे डोळे लाल झाले, नाकं वाहू लागली. आणि तेवढ्यात नवऱ्याने तो पराक्रम केला. चष्मा काढला आणि मिरचीच्या हातानेच दोन्ही डोळे मनसोक्त चोळले.

"मेलो! मेलो गं!"

"मेलो काय? मी सांगितलं नव्हतं, हातमोजे घाला म्हणून? सगळ्या जगाचे डोळे तपासता आणि स्वतःचे सांभाळता येत नाहीत?" शिट्टीबाईंनी रागारागाने त्यांचे डोळे धुतले, पांढरा नॅपकिन गार पाण्यात भिजवून तोंडावर टाकला आणि त्यांना बाहेरच्या खोलीतल्या खाटेवर आडवं केलं. थंडी वाजते म्हणाले, तर छातीपर्यंत पांढरी चादर ओढली. "आता हलायचं नाही. ती खाट करकरते."

खाट करकरण्याचा प्रश्न गंभीर होता, कारण साल्सा शिजवून, बरण्या भरून उकळेपर्यंत त्या बाहेर काढायची वेळ झाली होती. या वर्षी एकही टक् हुकता कामा नये! शिट्टीबाईंनी पंखा बंद केला. फ्रिजचं बटण बंद केलं. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकतं म्हणून रजईत गुंडाळून कपाटात कोंबलं.

"झालं का गं?" सासूबाईंनी त्यांच्या नेहमीच्या आवाजात विचारलं. ऐकायला कमी येत असल्यामुळे त्यांचा नेहमीचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत जायचा.

"शू! आई, आता कुणी अवाक्षर काढायचं नाही!"

"माझ्याच घरात मी तोंड शिवून बसू?" सासूबाई फणकारल्या. बाहेरच्या खोलीत खुर्चीवर जाऊन बसल्या, मान खाली घातली आणि रुसल्या. मुलीची नेमणूक बाहेरच्या दाराशी झाली. कुणी घंटी वाजवायच्या आत दार उघडायचं आणि तोंडातून शब्द न काढता घालवून द्यायचं, असा हुकूम होता.

शिट्टीबाईंनी बारा बरण्या सांडशीने एकेक करून टॉवेलवर मांडल्या, शेजारी खुर्ची ओढली, डोळे मिटले आणि कान टेबलाला लावला.

टक्.

त्यांनी एक लसणाची पाकळी उचलून बशीत टाकली. टक्. दुसरी पाकळी. टक्, टक्. शिट्टीबाईंच्या चेहऱ्यावर वर्षभरात पहिल्यांदा हसू आलं. बशीत अकरा पाकळ्या जमल्या, तेव्हा तर त्या मनातल्या मनात ताईच्या दाराशी बरणी ठेवून परतही फिरल्या होत्या. आता एकच राहिलं होतं.

ते एक काही वाजेना.

"वाज ना मेल्या!" त्या टेबलाशी दात-ओठ खात कुजबुजल्या. बाराव्या बरणीने तोंड उघडलं नाही, म्हणजे बंद केलं नाही. आणि अकरावर थांबणं म्हणजे ताईचं खरं ठरणं! ते कदापि शक्य नव्हतं. संध्याकाळ झाली तरी चालेल, पण टक् ऐकल्याशिवाय त्या तिथून उठणार नव्हत्या.

इकडे समोरच्या घरात निवृत्त पोस्टमास्तर आरामखुर्चीत तळमळत होते. वर्षानुवर्षं शिट्टीबाईंचा आरडाओरडा ऐकत त्यांची दुपारची झोप व्हायची. आज सकाळपासून शिट्टी होती, आरडाओरडा होता, 'मेलो मेलो' असा एक पुरुषी आवाजही आला होता, आणि मग एकदम सगळं चिडीचूप! पंख्याचीसुद्धा घरघर नाही. पोस्टमास्तर उठले, चपला घातल्या आणि शिट्टीबाईंच्या दाराशी आले.

हात घंटीकडे जायच्या आत दार उघडलं. दारात मुलगी उभी. डोळे लालबुंद, नाक ओलं, ओठांवर बोट.

"काय झालं, बाळ?" पोस्टमास्तरांनी कुजबुजत विचारलं.

बोलायची बंदी! मुलीने नुसतं आतल्या खाटेकडे बोट दाखवलं आणि स्वतःचे डोळे चोळून दाखवले. पोस्टमास्तरांनी आत डोकावलं. खाटेवर चष्मेवाले निश्चल. छातीपर्यंत पांढरी चादर, तोंडावर पांढरं फडकं. शेजारी त्यांची म्हातारी आई मान खाली घालून बसलेली. पोस्टमास्तर आल्या पावली मागे फिरले.

ज्या माणसाने आयुष्यभर लोकांना तारा पोचवल्या, त्याच्या हातून बातमी कशी अडकून राहणार? पाच मिनिटांत तळमजल्यावरच्या शिंप्याला कळलं. शिंप्याने मशीन बंद केलं. शिंपीणबाई फुलं आणायला धावल्या. आणि पोस्टमास्तरांनी घरी जाऊन एक फोन लावला.

शिट्टीबाईंना यातलं काही माहीत नव्हतं. टेबलावर कान ठेवून त्यांची मान अवघडली होती. जरा डोळे उघडून बघतात तर काय, बाहेरची खोली माणसांनी भरलेली! इमारतीतले सगळे चपला बाहेर काढून, पांढरी फुलं हातात घेऊन, भिंतीला टेकून गप्प बसलेले.

त्यांच्या डोक्यात तिडीक गेली. वास लागला! साल्साचा वास गेला जिन्यातून आणि आली सगळी फुकट खायला! सकाळपासून यांच्यापैकी एकाने तरी एक कांदा चिरून दिला का? आणि वर फुलं आणतात, लाज वाटते म्हणून! त्या ताडकन उठल्या, तोंड उघडलं, शिट्टी ओठांपर्यंत नेली. आणि बारावी बरणी आठवून तशीच खाली सोडली. राग गिळताना त्यांचा चेहरा असा काही वेडावाकडा झाला, की शिंपीणबाईंना हुंदका फुटला.

"शू!" शिट्टीबाई दबल्या आवाजात फिसकारल्या. "आवाज करायचा असेल तर बाहेर व्हा! आणि आज कुणालाही काहीही मिळणार नाही!"

"बिचारीच्या डोक्यावर परिणाम झालाय," शिंपी पोस्टमास्तरांच्या कानात म्हणाले.

शिंपीणबाईंनी शिट्टीबाईंचा हात हातात घेतला. "फार सज्जन माणूस होता हो. माझ्या चष्म्याची काडी किती वेळा फुकट बसवून दिली."

"फुकट?" शिट्टीबाईंनी डोळे वटारले. "मला म्हणाले, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं!" खाटेवरची चादर किंचित हलली. त्यांनी तिकडे असा काही कटाक्ष टाकला, की ती पुन्हा स्थिर झाली.

आणि एवढ्यात जिन्यावर पावलं धडधडली. धाड् धाड् धाड्! कुणीतरी दोन-दोन पायऱ्या एकदम चढत होतं. दार भिंतीवर आपटलं. दारात ताई! दवाखान्याचा गणवेश तसाच अंगावर, टोपी वाकडी, चेहरा रडून सुजलेला.

वर्षभर ज्या क्षणाची वाट पाहिली तो हा असा आला. तिला मिठी मारावी की जाब विचारावा, तेच शिट्टीबाईंना कळेना. शेवटी त्यांनी तोंडावर बोट ठेवलं.

"शू!"

"शू काय, शू काय?" ताई ओरडली. "मला परक्याकडून कळावं? एवढी परकी झाले मी?" तिने बहिणीला बाजूला ढकललं, खाटेशी गेली आणि चष्मेवाल्यांच्या अंगावर पडून हंबरडा फोडायच्या बेतात असताना तिच्यातली नर्स जागी झाली. तिने सवयीने मनगट धरलं. बोटं नाडीवर ठेवली. तिचा हुंदका मध्येच थांबला. भुवया वर गेल्या. तिने पुन्हा मोजलं. मग तोंडावरचं फडकं उचललं.

खालून दोन लालभडक डोळे उघडले. प्रेताने ओठांवर बोट ठेवलं आणि ते म्हणालं, "शू! एक झाकण राहिलंय."

ताईने जी किंकाळी फोडली, ती शिट्टीबाईंच्या शिट्टीलाही जमली नसती! शिंपी शिंपीणबाईंच्या मागे लपले. फुलं सगळीकडे उडाली. सासूबाईंनी मान वर केली आणि विचारलं, "झालं का गं?"

"हे जिवंत आहेत!" ताई किंचाळली.

"मग? मेले होते कधी?" शिट्टीबाईंचा बांध फुटला. टक् गेलं खड्ड्यात! "काय चाललंय काय माझ्या घरात? कोण म्हणालं मेले? डोळ्यांत मिरची गेलीय त्यांच्या! अहो, तुम्ही मेलात आणि मला सांगितलंत पण नाही?"

"तूच म्हणालीस हलायचं नाही," नवरा खाटेवरून म्हणाला. "मी पडल्या पडल्या सगळं ऐकत होतो. चांगलं बोलत होते. मला वाटलं, बोलू द्यावं थोडं."

"मी दवाखान्यातून धावत आले!" ताई आता भडकली. "अर्धी पाळी टाकून! रस्ताभर रडत! आणि इथे ही बाई बरण्या भरतेय!"

शिट्टीबाईंच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. त्यांनी टाळी वाजवली. "तू आलीस! बघ, आधी तूच आलीस! हरलीस!"

"मी मयताला आले होते!" ताईने पाय आपटला. "तुझ्याकडे नाही! मयताला आलेलं धरत नाहीत!"

"धरतात!"

"नाही धरत! विचार कुणालाही!"

"तसं धरत नाहीत खरं," पोस्टमास्तर पुटपुटले.

"तुम्ही गप्प बसा!" शिट्टीबाई त्यांच्याकडे वळल्या. "धडधाकट माणसाला मारलंत आणि वर न्यायनिवाडा करताय? आणि काय हो, हिचा नंबर तुमच्याकडे आला कुठून?"

पोस्टमास्तरांनी ताईकडे पाहिलं. ताई खिडकीतून बाहेर बघायला लागली. बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

"दर रविवारी फोन येतो त्यांचा," पोस्टमास्तर म्हणाले. "वर्षभर येतोय. कशी आहे म्हणून विचारतात. मी सांगतो, आवाज येतोय, म्हणजे ठीक आहे. आज आवाज आला नाही, म्हणून बघायला आलो."

शिट्टीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि आता तर कांदाही समोर नव्हता. त्यांनी ते मनगटाने पुसलं आणि ताईवरच खेकसल्या, "मग मलाच का नाही केलास फोन?"

"तू करायचास!" ताई नाक पुसत म्हणाली आणि डोळे टाळायला स्वयंपाकघरात शिरली. टेबलावरच्या बरण्यांवरून तिने तिरकी नजर फिरवली. रडून रडून सुजलेली असली तरी नजर नर्सची होती. "ते कोपऱ्यातलं झाकण बसलं नाहीये."

"बसेल!"

"नाही बसणार. काठ नीट पुसला नव्हतास."

"पुसला होता! तीनदा पुसला होता! हात लावू नकोस!"

ताईने हात लावला. झाकणाच्या मधोमध अंगठा ठेवून दाबला.

टक्!

बारावं! मुलीने हात वर केले, "झाली! बारा झाली!" नवऱ्याने खाटेवरून टाळ्या वाजवल्या. शिंपीणबाईंनी, कशाबद्दल ते न कळताही, शिट्टीबाईंचं अभिनंदन केलं. शिट्टीबाई मात्र त्या झाकणाकडे बघत राहिल्या. बारावं म्हणून मोजायचं असतं तर आत्ता मोजता आलं असतं. सगळं गाव साक्षीला होतं. पण खोटं वाजलेलं झाकण खरं म्हणायची त्यांच्या बापाची शिकवण नव्हती, आणि बाप दोघींचा एकच होता.

"दाबून वाजलेलं धरत नाहीत," त्या म्हणाल्या.

"नाही धरत," ताई म्हणाली.

"म्हणजे एक फसली."

"एक फसली." ताईने पहिल्यांदाच बहिणीकडे नीट पाहिलं. "गेल्या वर्षीसुद्धा एकच फसली होती गं. फक्त आपल्याला कळलं नाही."

फसलेली बरणी ठेवायची नसते, लगेच संपवायची असते. शिट्टीबाईंनी झाकण काढलं, दोन चमचे आणले, आणि एक ताईच्या हातात कोंबला. मुलीने ब्रेड भाजला. कुणालाही काहीही मिळणार नाही म्हणाल्या होत्या त्याच शिट्टीबाई प्रत्येकाच्या तोंडात चमचा घालत "खा! मेल्यासारखे बसलात ते! खा!" म्हणून ओरडत फिरल्या. शिंपी म्हणाले मीठ जरा कमी आहे, आणि ते त्यांना महागात पडलं. चष्मेवाले चादर गुंडाळून उठले, ब्रेडवर साल्सा घेतला, आणि पोस्टमास्तरांनी झडप घालून त्यांचा हात धरला नसता तर त्याच हाताने पुन्हा डोळे चोळणार होते.

निघताना ताई एक चांगली बसलेली बरणी काखेत मारून दाराशी उभी राहिली. "बरं, मग आता तू ये."

"का म्हणून? तुझं येणं धरलं नाही, म्हणजे अजून कुणीच आलेलं नाही. आधी तू ये!"

"मी? पुन्हा मी? तू ये!"

"तू!"

पोस्टमास्तर समाधानाने घरी गेले. आवाज येत होता, म्हणजे ठीक होतं.

पुढच्या रविवारी ते जेवून आरामखुर्चीत टेकले आणि ताईच्या फोनची वाट बघू लागले. फोन आला नाही. समोरच्या घरातून मात्र शिट्टीबाईंचा आवाज आला, आणि त्याच्यावर चढलेला ताईचा. मुद्दा तोच होता, आज आलेलं धरायचं की नाही. पोस्टमास्तरांनी डोळे मिटले, कूस बदलली, कानावर उशी घेतली. एकीच्या आवाजात त्यांना इतकी वर्षं छान झोप लागायची. दोघींच्या आवाजात अजून एकदाही लागलेली नाही.